समुद्रातील पवनचक्क्यांचे पाये : प्रस्तावना

समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्कीचा पाया म्हणजे समुद्रतळ आणि मनोरा यांच्यामधली संपूर्ण रचना. तळातल्या मातीत रुतलेला किंवा तळावर टेकलेला भाग, पाण्यातून वर येणारा भाग आणि लाटांच्या माऱ्याच्या वर जिथे मनोरा बोल्टांनी कसला जातो तो जोड, हे सारे त्यात येते. बोटीतून पाहणाऱ्याला यातला फक्त वरचा पिवळा रंगवलेला पट्टा दिसतो; बाकी सगळे पाण्यात आणि तळाखाली असते. इमारतीचा पाया मुख्यतः वजन पेलतो. या पायालाही वजन पेलावे लागतेच, पण त्याची कसोटी लागते ती दुसरीकडे. वारा, लाटा आणि प्रवाह ज्या यंत्राला रात्रंदिवस आडवे ढकलत असतात, ते यंत्र पंचवीस-तीस वर्षे कलू द्यायचे नाही आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे डोलूही द्यायचे नाही, हे त्याचे काम. ते कोणत्या रीतीने साधायचे, हे ठरवण्यात यंत्राच्या आकाराइतकाच वाटा त्या जागेच्या समुद्रतळाचा असतो. पायांचे जे प्रकार आज वापरात आहेत, त्यांतला प्रत्येक कुठल्या ना कुठल्या तळाशी जुळवून घेताना घडला आहे.

कामाचा आवाका आकड्यांतून लवकर कळतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पवनऊर्जा कार्यक्रमातून २०२० मध्ये १५ मेगावॉटच्या एका संदर्भ-पवनचक्कीचा आराखडा प्रसिद्ध झाला. जगभरच्या संशोधकांना एकाच यंत्रावर हिशेब करून ते पडताळता यावेत, हा त्यामागचा हेतू. या यंत्राच्या पात्यांच्या चक्राचा व्यास २४० मीटर आहे आणि चक्राचा मध्य समुद्रसपाटीपासून १५० मीटर उंचीवर आहे. पाण्याची खोली ३० मीटर धरली आहे. पाया म्हणून १० मीटर व्यासाची एक पोलादी नळी तळाखाली ४५ मीटर जाते. चक्र आणि त्यामागची यंत्रपेटी मिळून सुमारे १,००० टन, मनोरा सुमारे ८५० टन आणि पाया सुमारे १,३०० टन भरतो. म्हणजे एकूण वजन ३,००० टनांच्या थोडे वर जाते. एवढ्या जाड नळीच्या बाजूंना लगटलेली माती हे वजन सहज पेलते. भरवाऱ्यात मात्र चक्रावर सुमारे २५० टन वजनाइतका आडवा रेटा पडतो आणि तो तळापासून १८० मीटर उंचीवर लागतो. तळाशी त्याचा उलथवणारा जोर सुमारे ४५,००० टन-मीटर होतो. त्यात लाटांचा जोर वेगळा मिळवायचा. नळीचा व्यास, तिची जाडी आणि ती किती खोल न्यायची हे मुख्यतः या उलथवणाऱ्या जोरावरून ठरते.

हा जोर एकदा लागून थांबत नाही. मिनिटाला सहा फेरे या गतीने फिरणारे चक्र वर्षाला साधारण ३१ लाख फेरे घेते आणि पंचवीस वर्षांत त्यांची संख्या आठ कोटींच्या घरात जाते. दर दहा सेकंदांनी एक लाट धरली, तर लाटांचा आकडाही तेवढाच येतो. इतक्या वेळा वाकून सरळ होणाऱ्या पोलादात, विशेषतः वेल्डिंगच्या सांध्यांत, सूक्ष्म चिरा पडून वाढत जातात. धातूच्या या थकव्याचा हिशेब एखाद्या मोठ्या वादळाच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा ठरतो. मातीचेही तसेच आहे. कुंपणाचा खांब धरून सतत हलवला की त्याच्याभोवतीची माती सैल होते आणि खांब एका बाजूला झुकू लागतो. समुद्रतळावर हीच गोष्ट वर्षानुवर्षे मिलिमीटरा-मिलिमीटराने घडते. बहुतेक आराखड्यांत पायाचा एकूण कल आयुष्यभरात अर्ध्या अंशापुढे जाऊ नये अशी अट असते. त्यातला पाव अंश उभारणीच्या वेळच्या चुकीसाठी आणि पाव अंश पुढे हळूहळू साचणाऱ्या कलासाठी राखलेला असतो.

याहून नाजूक प्रश्न डोलण्याचा. प्रत्येक उंच रचनेची स्वतःच्या लयीत डोलण्याची एक वारंवारता असते. बाहेरून बसणारे धक्के त्याच लयीत येऊ लागले, तर अनुस्पंदन होऊन डोलणे वाढत जाते. पवनचक्कीला अशा दोन लयी स्वतःच्याच यंत्राकडून मिळतात. एक चक्राच्या पूर्ण फेऱ्याची. दुसरी एकेक पाते मनोऱ्यासमोरून जाते त्याची, म्हणजे पहिल्याच्या तिप्पट वेगाची. वर सांगितलेल्या संदर्भ-यंत्रात एका फेऱ्याला आठ ते बारा सेकंद लागतात आणि दर अडीच ते चार सेकंदांनी एक पाते मनोऱ्यासमोरून जाते. म्हणून संपूर्ण रचनेचा डोलण्याचा काळ या दोहोंच्या मधल्या फटीत, सुमारे सहा सेकंदांवर, बसवला आहे. वादळी समुद्रातल्या मोठ्या लाटा साधारण दहा सेकंदांच्या किंवा त्याहून जास्त अंतराने येतात, त्या या फटीबाहेर राहतात. पण रोजच्या लहान लाटांची लय रचनेच्या लयीशी जुळू शकते आणि थकव्यात भर पडते. यंत्रे मोठी आणि उंच होत गेली तसा रचनेचा डोलण्याचा काळ लांबत चालला आहे, म्हणजेच तो लाटांच्या काळाकडे सरकतो आहे. इथे मातीचा प्रश्न थेट समोर येतो, कारण डोलण्याची लय मातीच्या ताठरपणावरही अवलंबून असते. माती अंदाजापेक्षा मऊ निघाली तर लय एका बाजूला सरकते, कडक निघाली तर दुसऱ्या बाजूला. इमारतीच्या पायाखाली माती अपेक्षेपेक्षा कडक लागली, तर अभियंता निश्चिंत होतो. पवनचक्कीच्या बाबतीत दोन्हीकडची चूक महागात पडते.

म्हणून पहिले काम तळ वाचण्याचे. त्याची सुरुवात जहाजावरच्या उपकरणांनी होते. ध्वनिलहरींनी तळाची उंचसखलता आणि तळाखालचे थर मोजले जातात, चुंबकीय मापकाने गाडले गेलेले लोखंड शोधले जाते. उत्तर समुद्रात दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बाँब आणि सुरुंग अजून सापडतात, त्यामुळे तिथे हे लोखंड शोधल्याशिवाय कामाला हातच लावता येत नाही. त्यानंतर मातीची प्रत्यक्ष परीक्षा. तिचे सर्वांत विश्वासाचे साधन म्हणजे शंकू-भेदन चाचणी. साठ अंशांच्या टोकाचा एक पोलादी शंकू सेकंदाला दोन सेंटीमीटर या ठरलेल्या गतीने तळात दाबत नेतात. टोकाला किती विरोध होतो, बाजूच्या बाहीला किती घर्षण लागते आणि मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब किती चढतो, या तीन नोंदी सतत होत राहतात. वाळूत टोकाचा विरोध एकदम चढतो आणि पाण्याचा दाब फारसा हलत नाही; मऊ चिकणमातीत विरोध अगदी कमी आणि पाण्याचा दाब मात्र मोठा. या रेघांवरून सराईत माणूस न पाहिलेल्या तळाचे थर एकाखाली एक सांगू शकतो. जोडीला बोअर घेऊन नमुने काढले जातात आणि प्रयोगशाळेत त्यांच्यावर लाटांसारखे उलटसुलट भार देऊन पाहिले जाते. एकाच प्रकल्पातल्या दोन यंत्रांत किलोमीटरभर किंवा जास्त अंतर असते आणि तेवढ्या अंतरात माती पूर्ण बदलू शकते. त्यामुळे शक्यतो प्रत्येक यंत्राच्या जागी चाचणी घेतली जाते.

समुद्रात वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याची पहिली मोठी पायरी डेन्मार्कमध्ये चढली गेली. लोलंड बेटाजवळच्या विंदेबी इथे १९९१ मध्ये प्रत्येकी ४५० किलोवॉटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पाणी जेमतेम दोन ते चार मीटर खोल होते. तिथे काँक्रीटच्या जड पेट्या तळावर ठेवून त्यांत वजन भरले गेले. या प्रकाराला भारस्थिर पाया म्हणता येईल. तो मातीत रोवला जात नाही. स्वतःच्या वजनाने आणि रुंदीने उलथण्याला विरोध करतो. रेटा कितीही आला तरी पायाची एक कड तळावरून उचलली जाता कामा नये आणि दुसऱ्या कडेखालची माती दबता कामा नये, हा त्याचा मूळ हिशेब. कोपनहेगनजवळ मिडेलग्रुंडेन इथे २००० मध्ये आणि बाल्टिकमधल्या निस्टेड इथे २००३ मध्ये हाच प्रकार वापरला गेला. बाल्टिकच्या काही भागांत हिवाळ्यात पाणी गोठते, म्हणून तिथे पाण्याच्या पातळीवर पायाला शंकूचा आकार देतात. सरकत आलेला बर्फ त्या उतारावर वर चढतो आणि वाकून तुटतो. उभ्या भिंतीवर आदळून तो चिरडला गेला असता, तर रेटा कितीतरी जास्त पडला असता.

पाणी खोल होत जाते तसा भारस्थिर पायाचा आकार झपाट्याने वाढतो. बेल्जियमच्या किनाऱ्याबाहेर थॉर्नटन बँकवर पहिल्या टप्प्यात ५ मेगावॉटच्या सहा यंत्रांसाठी काँक्रीटचे प्रचंड पाये बसवले गेले. त्याच प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यांत मात्र जॅकेट, म्हणजे जाळीदार पोलादी चौकटीचा पाया, निवडला गेला. तरीही हा प्रकार मागे पडलेला नाही. फ्रान्समधल्या फेकां प्रकल्पात ७१ यंत्रांखाली सुमारे ५,००० टन वजनापर्यंतचे काँक्रीटचे पाये आहेत. ते ल आव्र बंदरात बांधून समुद्रात नेले गेले. इंग्लिश खाडीच्या तळाशी खडू-दगडाचे थर आहेत. पाइल, म्हणजे तळात रोवायचा पोलादी खांब, ठोकताना खडूचे लगद्यासारखे पीठ होते आणि पाइलच्या बाजूचे घर्षण फार घटते. तळावर टेकणाऱ्या पायाला अशा ठोकण्याची गरजच नसते. त्याच्या अडचणी वेगळ्या: तळ आधी उकरून सपाट करावा लागतो, त्यावर दगडांचा थर नीट अंथरावा लागतो आणि बंदरात बांधकामासाठी मोठी जागा लागते.

आज समुद्रात सर्वांत जास्त दिसणारा पाया म्हणजे मोनोपाइल, तळात ठोकलेली एकच मोठी पोलादी नळी. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लेली इथे, आयसेलमीर सरोवरात, चार लहान यंत्रांसाठी तो वापरला गेला. २००२ मध्ये डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पात प्रत्येकी २ मेगावॉटची ८० यंत्रे मोनोपाइलवर उभी राहिली आणि उत्तर समुद्रात या पद्धतीने जम बसवला. तिच्या यशाचे कारण साधेपणात आहे. जाड पोलादी पत्रे वाकवून कड्या करायच्या, कड्या एकमेकींना वेल्ड करून नळी करायची आणि ती हातोड्याने ठोकायची. एकच आकार शेकड्यांनी काढता येतो, वेल्डिंग बहुतांश यंत्राने होते आणि तळाची पूर्वतयारी थोडी लागते. उत्तर समुद्राच्या दक्षिण भागातला तळ या पद्धतीला अनुकूल निघाला. हिमयुगातल्या बर्फाने दाबून घट्ट केलेली वाळू आणि कडक चिकणमाती तिथे मोठ्या पट्ट्यांत आहे आणि पाणीही फार खोल नाही. यॉर्कशरच्या किनाऱ्यापासून १३० किलोमीटरहून दूर असलेला डॉगर बँक हा उथळ भाग हिमयुगानंतर काही हजार वर्षे कोरडी जमीन होता. त्याच जागी आता २७७ यंत्रांचा प्रकल्प मोनोपाइलवर उभारला जात आहे. त्यातली पहिली वीज ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली.

पंचवीस-तीस मीटर खोल पाणी ही मोनोपाइलची मर्यादा, असे एके काळी मानले जाई. ठोकण्याचे हातोडे, पत्रे वाकवणारी यंत्रे आणि उचलणारी जहाजे मोठी होत गेली आणि ती मर्यादा मागे पडली. आता दहा मीटरहून जास्त व्यासाची आणि २,००० टनांहून जड नळीही ठोकली जाते. तिच्या पत्र्याची जाडी काही ठिकाणी दहा सेंटीमीटरपर्यंत असते. या वाढीने मृदाशास्त्राला मात्र कोड्यात टाकले. आडव्या रेट्याखाली पाइल किती हलेल, हे काढण्याची रूढ पद्धत तेलउद्योगातून आली होती. वाळूसाठीचा तिचा आधार अमेरिकेत टेक्सासमधल्या मस्टंग आयलंडवर घेतलेल्या चाचण्यांचा होता, आणि त्या पाइलचा व्यास होता साधारण ६१ सेंटीमीटर. असा सडपातळ पाइल रेट्याखाली वाकतो आणि त्याचे खालचे टोक जागेवरच राहते. दहा मीटर व्यासाची आणि लांबीला व्यासाच्या चार-पाच पटच असलेली नळी फारशी वाकत नाही. ती एकसंध तुकड्यासारखी फिरते आणि तिचे टोक उलट्या दिशेला सरकते. टोकाखालची माती आणि बाजूचे उभे घर्षणही मग विरोधात सामील होतात. जुन्या पद्धतीत यांची दखल नव्हती.

या त्रुटीवर पिसा नावाच्या संशोधन प्रकल्पाने उत्तर शोधले. ऑक्सफर्ड विद्यापीठ, लंडनचे इंपीरियल कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन यांनी उद्योगातल्या कंपन्यांसह तो चालवला. इंग्लंडमधल्या काउडेन इथल्या कडक चिकणमातीत आणि फ्रान्समधल्या डंकर्क इथल्या घट्ट वाळूत दोन मीटरपर्यंतच्या व्यासाचे पाइल रोवून ते आडवे ओढून पाहिले गेले. संगणकावरच्या त्रिमितीय हिशेबांची या प्रत्यक्ष मोजणीशी सांगड घालून नवी आराखडा-पद्धत तयार झाली. अनेक ठिकाणी माती जुन्या हिशेबापेक्षा जास्त ताठर असल्याचे तिच्यातून दिसले. त्यामुळे पाइल आखूड करता आले आणि पोलाद वाचले. मैदानात शांतपणे केलेल्या मोजणीचा इतका मोठा उपयोग झाल्याचे हे सुंदर उदाहरण आहे.

मोनोपाइलच्या इतिहासात एक धडा जोडाचाही आहे. सुरुवातीच्या प्रकल्पांत नळीच्या माथ्यावर थोड्या मोठ्या व्यासाचा दुसरा तुकडा टोपणासारखा बसवत आणि दोहोंमधली पोकळी उच्च ताकदीच्या सिमेंट-ग्राउटने भरत. ठोकताना नळी थोडी तिरकी गेली असली, तरी वरचा तुकडा ओळंब्यात बसवता येई. ग्राउट आणि पोलाद यांच्यातल्या घर्षणावर वरचे सगळे वजन टिकेल असा हिशेब होता. २००९-१० च्या सुमारास अनेक प्रकल्पांत वरचे तुकडे काही सेंटीमीटर खाली घसरल्याचे दिसले. वाऱ्याने रचना पुढेमागे वाकताना ग्राउट आणि पोलाद एकमेकांपासून किंचित सुटत, पुन्हा टेकत आणि प्रत्येक वेळी घर्षण थोडे झिजत होते. लहान व्यासाच्या नमुन्यांवरून काढलेली ताकद मोठ्या व्यासाला लागू पडली नव्हती. त्यानंतर नियम बदलले गेले. जोडाला किंचित शंकूचा उतार देणे, आतल्या पृष्ठभागांवर पोलादी कंगोरे वेल्ड करणे किंवा ग्राउट वगळून मोठ्या बोल्टांचा फ्लँज-जोड वापरणे, असे उपाय रूढ झाले. काही नव्या प्रकल्पांत मनोरा थेट मोनोपाइलवरच बसवतात.

पाणी मोनोपाइलला झेपेल त्याहून खोल असेल, तळ मऊ असेल किंवा यंत्र फार मोठे असेल, तर जॅकेट पुढे येते. तीन किंवा चार पाय आणि त्यांना जोडणाऱ्या तिरप्या नळ्या अशी ही जाळीदार पोलादी चौकट. पाय एकमेकांपासून दूर असल्यामुळे उलथवणारा जोर एका पायावर दाब आणि समोरच्या पायावर ताण अशा जोडीत विभागला जातो. मग प्रत्येक पायाखालचा पाइल बारीक असला तरी चालतो. चौकटीतून लाटा बऱ्याच अंशी आरपार जातात, म्हणून त्यांचा रेटाही कमी बसतो. हे तंत्र तेलउद्योगाकडून आले. स्कॉटलंडमधल्या बिएट्रिस तेलक्षेत्राजवळ २००७ मध्ये ४५ मीटर खोल पाण्यात ५ मेगावॉटची दोन यंत्रे जॅकेटवर उभी राहिली आणि पुढे त्याच परिसरात ८४ यंत्रांचा प्रकल्प झाला. जॅकेटची अडचण कारखान्यात आहे. नळ्या जिथे मिळतात त्या प्रत्येक सांध्यावर वक्र वेल्डिंग करावे लागते आणि थकव्याच्या चिरा आधी तिथेच पडतात. त्यामुळे कुशल वेल्डर आणि काटेकोर तपासणी या दोन्हींवर खर्च होतो. जर्मनीच्या अल्फा व्हेंटस प्रकल्पात २०१० मध्ये सहा यंत्रे जॅकेटवर आणि सहा तीन पायांच्या ट्रायपॉडवर उभारून दोन्हींची तुलना करता आली. ट्रायपॉड पुढे रूढ झाला नाही. शांघायजवळच्या डोंगहाई पुलालगत मात्र पुलांच्या बांधकामाशी जवळीक सांगणारी वेगळी वाट धरली गेली. तिथे मऊ गाळात अनेक तिरपे पाइल ठोकून त्यांच्या माथ्यावर काँक्रीटची जाड टोपी ओतली आणि तिच्यावर यंत्र उभे केले.

पाइल ठोकण्याऐवजी तळात शोषून घेण्याची पद्धत म्हणजे सक्शन बकेट. खाली उघडी आणि वर बंद अशी मोठी पोलादी बादली तळावर ठेवली की ती आपल्या वजनाने थोडी रुतते आणि तिची कड मातीत बसून आतले पाणी बंदिस्त होते. मग वरच्या पंपाने ते पाणी बाहेर खेचतात. आतला दाब घटतो, बाहेरच्या पाण्याचा दाब बादलीला खाली रेटतो आणि ती काही तासांत पूर्ण खोलीपर्यंत उतरते. हातोडा नाही, म्हणून आवाजही नाही. आयुष्य संपल्यावर पाणी आत ढकलून तीच बादली वर काढता येते. पंप मात्र जपून चालवावा लागतो. वाळूत जोर जास्त झाला तर पाणी कडेखालून वेगाने आत घुसते आणि माती उकळल्यासारखी होऊन पकड सुटते. वाटेत मोठे दगड लागले तर बादली अडते. ॲबरडीनच्या उपसागरात २०१८ मध्ये ११ यंत्रे अशा तीन-तीन बादल्यांच्या जॅकेटवर उभी राहिली. स्कॉटलंडच्याच सीग्रीन प्रकल्पात एप्रिल २०२३ मध्ये याच प्रकारचा पाया ५८.६ मीटर खोलीवर बसला. तळावर घट्ट बसवलेल्या पवनचक्की-पायांत तेव्हा तो जगातला सर्वांत खोल होता.

पाया बसवताना समुद्राला होणारा त्रास हा या विषयाचा अविभाज्य भाग आहे. मोनोपाइल ठोकताना हातोड्याचे हजारो घाव बसतात आणि त्यांचा आवाज पाण्यातून दूरवर जातो. उत्तर समुद्रातले पॉरपॉइज हे डॉल्फिनसारखे छोटे सस्तन प्राणी ऐकण्याच्या जोरावरच वाट आणि भक्ष्य शोधतात. जर्मनीने घावाच्या जागेपासून ७५० मीटर अंतरावर १६० डेसिबलची मर्यादा घातली आणि ती पाळण्यासाठी नवी साधने निघाली. त्यांतले सर्वांत रूढ साधन बुडबुड्यांच्या पडद्याचे. भोके पाडलेला होज पायाभोवती तळावर मोठ्या वर्तुळात अंथरतात आणि त्यातून दाबाची हवा सोडतात. वर चढणाऱ्या बुडबुड्यांची भिंत आवाजाचा मोठा भाग परतवते आणि शोषते. प्रवाह जोराचा असेल तर पडदा वाहून तिरपा होतो, म्हणून वर्तुळाचा आकार आणि हवेचा दाब त्याप्रमाणे ठरवावा लागतो. पूर्ण जोराने ठोकण्याआधी प्राण्यांना दूर जायला वेळ मिळावा म्हणून घाव हलक्या जोराने सुरू करण्याचीही रीत आहे.

पाया उभा राहिला की त्याची झीज सुरू होते. प्रवाह पायाला वळसा घालताना भोवरे उठतात आणि ते बुडाशी असलेली वाळू उचलून नेतात. एकाच गोल खांबाभोवती अशा धुपीने पडणारा खड्डा व्यासाच्या सुमारे १.३ पट खोल धरण्याचा प्रघात आहे. दहा मीटरच्या मोनोपाइलसाठी तो १३ मीटर होतो. तेवढा आधार गेला की डोलण्याची लय बदलते. म्हणून पायाभोवती आधी बारीक खडीचा थर आणि त्यावर मोठ्या दगडांचा थर टाकतात. खालचा थर वाळू धरून ठेवतो आणि वरचा थर खालच्याला. पोलादाला गंजापासून वाचवण्यासाठी पाण्याखाली ॲल्युमिनियमचे ठोकळे लावतात. पोलादाऐवजी ते झिजतात. लाटांचे तुषार बसतात त्या पट्ट्यात हवा आणि खारे पाणी आलटून पालटून लागते, तिथे हे ठोकळे उपयोगी पडत नाहीत. त्या पट्ट्याची भिस्त जाड रंगावर आणि आधीच जास्त ठेवलेल्या जाडीवर असते.

साठ मीटरहून खोल पाण्यात तळापर्यंत पोलाद नेणे फार महाग पडते. तिथे तरंगत्या रचना येतात आणि पायाचे काम नांगर करतात. नॉर्वेजवळ २००९ मध्ये एका यंत्रावर चाचणी झाली आणि २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ सुमारे शंभर मीटर खोल पाण्यात हायविंड प्रकल्पाची ६ मेगावॉटची पाच यंत्रे तरंगू लागली. लांब, तळाशी जड असे त्यांचे दंडगोल साखळ्यांनी सक्शन नांगरांना बांधले आहेत. तरंगत्या यंत्रालाही अखेर तळातली माती वाचावीच लागते. फरक इतकाच की तिथे मातीवर उलथवण्याऐवजी ओढीचा भार येतो.

आयुष्य संपल्यावर पाया काढणे हेही आराखड्याचेच काम. विंदेबीचा प्रकल्प २०१७ मध्ये काढला गेला, तेव्हा काँक्रीटचे पाये जागेवरच फोडून तुकडे किनाऱ्यावर नेले गेले. मोनोपाइल सहसा तळाच्या थोडे खाली कापून वरचा भाग उचलतात आणि खालचा मातीतच राहतो.

भारतात हा विषय आता प्रत्यक्षाच्या उंबरठ्यावर आहे. राष्ट्रीय सागरी पवनऊर्जा धोरण २०१५ मध्ये आले. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांबाहेर प्रत्येकी आठ विभाग निवडले आणि २०१७ मध्ये खंबातच्या आखातात पिपावावजवळ मोनोपाइलवरच्या मंचावर वारा मोजणारे लायडार बसवले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन्ही राज्यांत प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी आणि दोन बंदरांच्या सुधारणेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. महाराष्ट्राचा किनारा या निवडीत नाही, पण समुद्रात जॅकेट रोवण्याचा देशातला जुना अनुभव मुंबईच्याच समुद्रातला आहे. मुंबई हायचे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले आणि १९७६ पासून तिथले उत्पादन पाइलवर उभ्या केलेल्या पोलादी जॅकेटांवर चालते. पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या वाळूत शंखशिंपल्यांच्या कवचांपासून झालेला चुनखडीचा अंश मोठा आहे. असे कण ठोकताना चिरडतात आणि पाइलच्या बाजूचे घर्षण अगदी कमी राहते. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थ रँकिन या मंचाचा एक पाइल अशाच वाळूत ठोकताना आपल्या वजनाने सुमारे ६० मीटर खाली गेला होता. या मातीत भोक पाडून पाइल आत बसवणे आणि ग्राउटने पक्का करणे जास्त भरवशाचे ठरते.

खंबातच्या आखाताचा स्वभाव उत्तर समुद्रापेक्षा पुष्कळ वेगळा आहे. भावनगरकडे भरती-ओहोटीतले अंतर दहा मीटरच्या आसपास जाते, त्यामुळे प्रवाह जोराचे आणि धुपीचा धोका मोठा. वरच्या थरांत मऊ चिकणमाती आहे, म्हणजे पाइल लांब लागणार आणि डोलण्याची लय पकडणे अवघड होणार. गुजरातच्या भूकंपप्रवण प्रदेशात हादऱ्याने ओली वाळू पातळ होण्याची शक्यताही हिशेबात धरावी लागते. मे २०२१ मधले तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या समुद्रावरून जाऊन दीव आणि उना यांच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले, म्हणजे पवनचक्क्यांसाठी पाहिल्या जाणाऱ्या समुद्राच्या अगदी जवळ. शिवाय पावसाळ्याचे चार महिने अरबी समुद्रात उभारणीचे काम जवळजवळ होत नाही. हे सगळे लक्षात घेता युरोपातला आराखडा जसाच्या तसा उचलून इथे चालणार नाही. मोनोपाइल, जॅकेट किंवा आणखी काही, याचा निर्णय प्रत्येक जागेच्या शंकू-भेदन चाचणीने, बोअरच्या नमुन्यांनी आणि निदान काही वर्षांच्या लाटा-प्रवाहांच्या नोंदींनी करायचा आहे. त्या मोजणीला लागणारा वेळ आणि पैसा प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरला जायला हवा, कारण तळाबद्दलची प्रत्येक अनिश्चितता आराखड्यात जादा पोलाद बनून येते.